आप्पांना विचारा : आधी पाय देख, मंग डोकं

प्रश्न : आप्पा, रामराम. मी चोपडा तालुक्यातला, ट्रॅक्टर आणि शेतीची अवजारं दुरुस्त करतो. मागच्या दिवाळीनंतर एका बंद कारखान्याच्या लिलावात जुनं टरेट मिलिंग मशीन, म्हणजे कटर धरणारं डोकं (हेड) हवं तसं वळवता येणारं, घेतलं, एम-वन-टीआर म्हणतात तसलं. घरामागे पत्र्याचं शेड आहे. शेतातल्याच जमिनीवर कोबा करून तिथे बसवलं, चारी फाउंडेशन बोल्ट दाबून आवळले. मशीनची पाठ पश्चिमेच्या पत्र्याला वीतभर अंतरावर आहे. मार्चमध्ये डायल (बारीक फरक काट्याने दाखवणारं मोजमापाचं साधन) लावून हेड टेबलाशी काटकोनात सरळ केलं, काम सुरेख येत होतं. पाऊस लागल्यापासून ६३ मिलिमीटरच्या फेस कटरने लांबीत दोन पास शेजारी-शेजारी मारले की मध्ये नखाला लागेल अशी पायरी येते. हेड दोनदा पुन्हा लावलं. सकाळी शून्य असतं, उघडीप असेल त्या दिवशी संध्याकाळी डायलवर दोन-तीन घरं (एक घर म्हणजे एक शतांश मिलिमीटर) सरकलेलं. भंगार गळ्यात पडलं का?

उत्तर : रामराम भाऊ. तुमचं पत्र वाचताना तीन ठिकाणी मी पेन्सिलीने खूण केली: शेतातली जमीन, दाबून आवळलेले बोल्ट आणि पश्चिमेचा पत्रा. मशीनवर एकही खूण नाही. तेव्हा भंगाराची काळजी तूर्त सोडा.

माझे उस्ताद धुळ्याकडचे, अस्सल अहिराणी बोलणारे. जळगावच्या एमआयडीसीत टूलरूमला लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात मी पाना घेऊन हेडचे नट ढिले करायला निघालो होतो. मागून आवाज आला, "काय व्हयनं रे भाऊ? आधी पाय देख, मंग डोकं." पुढची चौतीस वर्षं मी तेच केलं. ज्या दोन-चार वेळा केलं नाही, त्या वेळी दिवस वाया गेला. तुम्ही हेडला दोनदा हात लावला आणि पायाकडे अजून पाहिलेलं नाही.

आपल्या तापीकाठची काळी माती कपाशीला आणि केळीला सोनं आहे, मशीनला वैरी. पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तुमचा कोबा तिच्यावर तरंगतोय. मार्चमध्ये जमीन कोरडी होती तेव्हा तुम्ही मशीन लावलं, मृगाचा पाऊस पडल्यावर कोब्याची एक बाजू उचलली. आता मशीनचा बेस जाड बिडाचा असतो, तो लेथच्या लांब बेडसारखा सहज पीळ खात नाही, हे खरं. नुसतं टेकवलेलं असतं तर फार तर थोडं कललं असतं, आणि सगळं मशीन मिळून कललं तर हेड आणि टेबल यांच्यातला काटकोन बिघडत नाही. पण तुम्ही चारी बोल्ट आवळलेत. उचललेली जमीन आणि आवळलेला बोल्ट यांच्या ओढाताणीत बेस वाकतो, बेसबरोबर त्यावरचा उभा खांब, म्हणजे कॉलम.

हे माझ्या शब्दावर मानू नका, डायलला विचारा. स्पिंडलमध्ये, म्हणजे कटर फिरवणाऱ्या दांड्यात, डायल धरा, टोक टेबलावर टेकवा, काटा शून्यावर आणा. मग कुठल्याही गोष्टीला हात न लावता फाउंडेशन बोल्ट एकेक करून ढिला करा आणि काट्याकडे बघत राहा. काटा हलला नाही तर पाया निर्दोष, मी चुकलो. एखादा बोल्ट सोडताच काटा घरभर किंवा जास्त उडाला, तर तोच पाय हवेत आहे आणि बोल्टने खाली ओढलेला आहे.

भर पावसाळ्यात खोदकाम काढू नका. आता एवढंच करा: चारी बोल्ट ढिले करून मशीनला मोकळा श्वास घेऊ द्या, जो पाय अधांतरी आहे त्याखाली फिलर गेजने फट मोजून तेवढ्या जाडीची पत्र्याची पट्टी सारा, आणि बोल्ट नुसते हाताने टेकतील इतपत ठेवा. गवंड्याची लेव्हल इथे चालत नाही. मीटरला दोन शतांश मिलिमीटर दाखवणारी मशीनची लेव्हल लागते. ती महाग, विकत घेऊ नका, जवळच्या एखाद्या मशीन बसवणाऱ्याकडून दोन तास मागून आणा. टेबल मधोमध आणून आधी लांबीत, मग आडवी ठेवून बघा. दिवाळीनंतर जमीन वाळली की पक्कं काम करा. काळी माती मुरूम लागेपर्यंत काढायची, मुरूम लवकर लागला नाही तर निदान तीन फूट तरी, आणि मुरूम थराथराने भरून, पाणी मारून धुमसायचा. वर सळई घातलेला सहा इंची स्लॅब, शेडच्या भिंतीपासून सुटा. खर्च वाटेल, पण तुम्ही मशीन घेतलंय, खाट नाही.

आता सकाळ-संध्याकाळचा खेळ. पश्चिमेचा पत्रा दुपारनंतर तव्यासारखा तापतो आणि त्याची धग कॉलमच्या पाठीवर बसते. पोट थंड, पाठ गरम. बिडाचा एक मीटर तुकडा एका अंशाला साधारण ११ मायक्रॉन वाढतो. कॉलम पुढून मागे ३०० मिलिमीटर धरा, टेबलापासून हेडपर्यंतची उंची ८०० धरा, आणि पाठ-पोटात पाच अंशांचा फरक. पाठीची बाजू ४४ मायक्रॉन लांबते, कॉलम पुढे मान घालतो, आणि स्पिंडलमधला डायल १६५ मिलिमीटर व्यासाच्या फेऱ्यात फिरवला की सुमारे अडीच घरं दिसतात. तुम्ही लिहिलंत दोन-तीन. सगळं शेड सारखं तापलं असतं, अगदी आपल्या मे महिन्यासारखं पंचेचाळीसवर गेलं असतं, तरी एवढं बिघडलं नसतं. बिघडतं ते एका बाजूच्या धगीने. पत्र्याला आतून थर्माकोल किंवा जुनी ताडपत्री अंतर सोडून लावा, मशीन हातभर पुढे घ्या. नाजूक काम सकाळी.

एवढं झाल्यावर मग डोकं.

पायरी कुठे येते ते आधी बघा, तिच्यातच निम्मं उत्तर असतं. तुम्ही टेबल लांबीत चालवता आणि पुढचा पास घ्यायला टेबल मागे-पुढे सरकवता. अशा दोन पासांमध्ये पायरी आली, तर हेड पुढे किंवा मागे झुकलेलं आहे, नॉडमध्ये चूक आहे. २०० मिलिमीटरला ०.१ एवढी चूक असेल आणि पास ५० चा असेल तर पायरी पंचवीस मायक्रॉनची येते, नखाला हमखास लागते. तेवढीच चूक डाव्या-उजव्या बाजूला असती तर पायरी न येता पृष्ठभाग बशीसारखा खोलगट झाला असता, तोही ६३ च्या कटरला जेमतेम सहा मायक्रॉन. ती बशी डोळ्याला दिसत नाही. तिची ओळख कटरच्या खुणांवरून होते: कटरच्या एकाच कडेचे वळसे उमटतात, उलट दिशेचे उमटत नाहीत. दोन्ही दिशांचे वळसे एकमेकांना छेदून जाळी दिसली की त्या बाजूने हेड सरळ आहे असं समजा.

लावायची तयारी. मेन स्विच बंद, गिअर न्यूट्रलला, स्पिंडल हाताने हलका फिरला पाहिजे. टेबल वर-खाली करणारा भाग, आपण नी म्हणतो तो, लॉक करा. टेबल आणि सॅडलही लॉक करा. टेबलाच्या गिबमध्ये, म्हणजे सरकत्या भागाची सैल जागा भरणाऱ्या पट्टीत, ढिलाई असेल तर ती आधी काढा, नाहीतर तुम्ही शून्य लावाल ते ढिलाईवर. टेबलावरून ऑइलस्टोन फिरवा. उठलेल्या बुरांची टोकं दगडाखाली करकरतात, तेवढी घासा, टेबल घासू नका.

डायल थेट टेबलावर फिरवला तर टेबलातली खाच, म्हणजे टी-स्लॉट, आली की टोक खाली पडतं, काटा थयथयाट करतो. म्हणून मध्ये काहीतरी सपाट हवं. मी ६२२० नंबरच्या जुन्या बेअरिंगची फक्त बाहेरची रिंग वापरतो. बाहेरचा व्यास १८०, जाडी ३४, दोन्ही तोंडं कारखान्यातच ग्राइंड केलेली. त्या रिंगच्या मधोमध डायलचा फेरा धरला तर तो सुमारे १६५ चा होतो. रिंगवर विश्वास नसेल तर एकदा वाचन घेऊन रिंग टेबलावर अर्धा फेरा फिरवून पुन्हा घ्या. चूक रिंगबरोबर फिरली तर रिंगची, जागेवर राहिली तर हेडची.

पपीटास, म्हणजे तरफेच्या टोकाचा छोटा डायल, शतांशाचा, स्पिंडलच्या कोलेटमध्ये (पकडीत) धरलेल्या दांड्यावर घट्ट बांधा. टोकाला वीसेक घरांचा दाब द्या. काही जण विचारतात, दांडा लांब असला की डायलच्या वजनाने झुकेल ना? झुकतो, पण उभ्या स्पिंडलमध्ये पूर्ण फेऱ्यात सारखाच झुकतो, म्हणून वाचनात येत नाही. आडव्या स्पिंडलला मात्र हाच झुकाव फसवतो. डायल मागे गेला की काटा दिसत नाही. मी छोटा आरसा धरत असे, तुम्ही मोबाइलचा कॅमेरा धरा.

आधी नॉड, मग डावं-उजवं. नॉडचे बोल्ट ढिले करताना हेडखाली लाकडी ठोकळा लावून नी हलकेच टेकवा, हे विसरू नका. हेडचं वजन पुढे असतं. मी एकदा घाईत तिन्ही बोल्ट एकदम सोडले आणि हेड असं झुकलं की खालचा डायल चेपला. डायल माझा नव्हता, उस्तादांचा होता. ते काही बोलले नाहीत. आठ दिवस काहीच बोलले नाहीत. बोल्ट इतकेच सोडायचे की वर्म, म्हणजे हेड वळवायचा स्क्रू, फिरवल्यावर हेड कुरकुरत सरकेल. ते सरकायच्या आधी ठोकळा मात्र काढून घ्या.

डायल पुढे आणून शून्य, मग मागे नेऊन वाचा. समजा आठ घरं आली. आठच्या आठ काढायला जाऊ नका. हेड कलतं तेव्हा एक बाजू खाली येते आणि दुसरी वर जाते, म्हणून चार घरं काढली की झालं. पुन्हा पुढे शून्य, पुन्हा मागे. मग बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे, आलटून-पालटून आवळा. आवळताना काटा हलणारच. कुठल्या बोल्टला किती हलतो ते दोन-चार वेळा केल्यावर हाताला कळतं आणि तेवढं आधीच उलट ठेवून आवळता येतं. नंतर डावं-उजवं तसंच, आणि ते झालं की नॉड पुन्हा एकदा, कारण एक आवळताना दुसरं चळतं. १६५ च्या फेऱ्यात एक घर राहिलं तर थांबा. तुमच्या कामाला दोन घरंसुद्धा चालतील.

एक गल्लत बऱ्याच जणांची होते म्हणून सांगतो. डायल स्थिर ठेवून टेबल चालवलं आणि काटा स्थिर राहिला, तर त्याने टेबलाची चाल कळते, हेड सरळ आहे की नाही ते कळत नाही. हेडसाठी डायल फिरला पाहिजे. दोन्ही करून बघा, दोन्हींची उत्तरं वेगळी लिहून ठेवा.

आणि हेड वाकडं राहिलं तर नुसती पायरीच येते असं नाही. क्विल, म्हणजे स्पिंडल वर-खाली नेणारी नळी, आत असताना एज फाइंडरने (कड शोधायच्या साधनाने) केंद्र शोधलं, मग लांब ड्रिल लावायला क्विल १०० मिलिमीटर खाली आणली, तर २०० ला ०.१ एवढ्या कलाने भोक अर्धा दशांश, म्हणजे पाच शतांश, बाजूला पडतं. गिअरबॉक्सच्या झाकणाची डॉवेल (जागेवर बसवणारी खुंटी) बसत नाही तेव्हा माणूस ड्रिलला शिव्या देतो.

जाता जाता, या जातीचं पहिलं मशीन १९३८ साली अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट गावात निघालं. नाव गावावरूनच पडलं. डोकं सगळीकडे वळवता यावं म्हणूनच ते केलेलं आहे. जे वळतं ते चळणार.

प्रश्न : आप्पा, मी अमळनेरची, आयटीआयला मशिनिस्ट ट्रेडला आहे. मोठ्या भावाच्या वर्कशॉपमध्ये छोटं मिलिंग आहे, सुट्टीत त्यावर हात बसवते. हेड लावलं, डायल फिरवून शून्य आलं, भाऊनेही बघितलं. तरी ठोकळ्याच्या चार बाजू मारल्या की काटकोन लागत नाही, गुण्यात उजेड दिसतो. भाऊ म्हणतो तुझंच हेड चुकलं.

उत्तर : बेटा, तुझं हेड बरोबर आहे, भाऊला हे वाचून दाखव. चूक व्हाइसमध्ये आहे. व्हाइसचा हलणारा जबडा आवळताना किंचित वर उठतो आणि ठोकळ्यालाही एका बाजूने उचलतो. ओळखायचं असं: ठोकळ्याखाली दोन पॅरलल (सारख्या उंचीच्या पट्ट्या) ठेव, प्रत्येकाखाली दोन्ही टोकांना बिडीच्या बंडलाच्या कागदाची चिंधी सरकव. आवळल्यावर चारी चिंध्या घट्ट असल्या पाहिजेत. हलणाऱ्या जबड्याकडच्या ढिल्या निघतील, पैज लाव.

उपाय सोपा आहे. मारलेली पहिली बाजू स्थिर जबड्याला टेकव, आणि हलणारा जबडा व ठोकळा यांच्यामध्ये दहा-बारा मिलिमीटरचा गोल बार आडवा ठेव, ठोकळ्याच्या साधारण मध्यावर. गोल बार एका रेषेतच दाबतो, त्यामुळे ठोकळा स्थिर जबड्याला सपाट बसतो आणि जबड्याचं उठणं ठोकळ्यापर्यंत पोचत नाही. वरून पितळी किंवा नायलॉनच्या हातोडीने ठोक. लोखंडी हातोडी नको, आणि ठोकल्यावर पुन्हा आवळू नको, पुन्हा उठेल.

त्याआधी स्थिर जबडा उभा आहे का तेही बघ. डायल जबड्यावर टेकवून नी वर-खाली कर. क्विल वर-खाली करून बघू नको, त्यात हेडची चूक मिसळते. जबडा झुकलेला निघाला तर व्हाइस उचलून खाली बघ, बहुतेक वेळा बारीक चिप अडकलेली असते. माझ्या हातून तर एकदा चिप नव्हतीच, बोटावरची पट्टी सुटून व्हाइसखाली गेली होती.

प्रश्न : शहाद्याहून लिहितोय. माझ्याकडे गोल खांबाचं मिल-ड्रिल (मिलिंग आणि ड्रिलिंग दोन्ही करणारं छोटं मशीन) आहे. हेड वर घेतलं की जागा हरवते. शिवाय नॉड लावायला त्यात सोयच नाही.

उत्तर : सोय नाही, पत्र्याच्या पट्ट्या आहेत. खांबाच्या तळाच्या फ्लँजखाली, जिकडे झुकलंय त्या बाजूने सारायच्या. फ्लँजच्या बोल्टमधलं अंतर समजा १६५ असेल आणि डायलच्या १६५ च्या फेऱ्यात पाच घरं चूक असेल, तर पट्टीही पाच शतांशाची. अंतर वेगळं असेल तर त्या प्रमाणात.

जागा हरवण्यावर लोक हेडवर लेझर पेन्सिल बांधून समोरच्या भिंतीवर उभी रेघ मारतात. ती रेघ ओळंब्यात पाहिजे. खांबापासून स्पिंडल २०० मिलिमीटर आणि भिंत पाच मीटर लांब असेल तर भिंतीवरचा एक मिलिमीटर स्पिंडलजवळ चार शतांश होतो. ठिपका अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जुळवला की दोन शतांशात येता, त्या मशीनला पुष्कळ झालं. मी मात्र सर्वांत लांब ड्रिल आणि सर्वांत आखूड कटर आधी शेजारी ठेवून बघेन, आणि हेड न उचलता काम उरकेल अशी मांडणी करेन.

प्रश्न : दोन डायलचं तयार ट्रॅमिंग साधन, म्हणजे हेड सरळ लावायचं साधन, घेऊ का? वाचक, धुळे.

उत्तर : रोज हेड वाकवत असाल तर घ्या. वर्षातून दोनदा लावणार असाल तर त्या पैशांत एक चांगला पपीटास येईल, आणि तो व्हाइसलाही लागतो. घेतलंच, तर दोन्ही डायल एकाच जागी टेकवून शून्य करायचे असतात. शेजारी-शेजारी शून्य केले तर हेडचीच चूक शून्यात बसते.

प्रश्न : ती बेअरिंगची रिंग कुठे मिळेल? वाचक, यावल.

उत्तर : जळगावात डाळ मिल आणि जिनिंगचं सामान दुरुस्त करणाऱ्यांच्या कोपऱ्यात मोठी बेअरिंगं पडलेली असतात, चहाच्या पैशांत देतात. आवाज करणारं बेअरिंग चालेल, तोंडाला खोल चरे किंवा वेल्डिंगचे डाग पडलेलं नको. पिंजरा ग्राइंडरने कापा, गोळ्या एका बाजूला ढकला, आतली रिंग निघते. बेअरिंगवर थेट हातोडा मारू नका, कडक पोलाद आहे, कपची उडते, डोळ्यावर चष्मा हवाच. आणि कृपा करून मला पोस्टाने पाठवून "ही चालेल का" विचारू नका. मागच्या महिन्यात दोन आल्या. पोस्टमनने पिशवी अंगणात ठेवली आणि पाठ धरून बसला.